रामाकोन्याची गंजलेली गाडी

बाबांना ऐकू येत नाही, ही गोष्ट साऱ्या पांढुर्ण्यात दोनच माणसांना माहीत होती. एक बाबा आणि दुसरी मी. आम्ही दोघंही त्याबद्दल एकमेकांशी कधीच बोललो नव्हतो. आईला माहीत होतं असं म्हणता येणार नाही. ती दिवसातून दहा वेळा म्हणायची, "याहीले बोललेलं ऐकूच येत नाही." पण हे तर मोहल्ल्यातली प्रत्येक बाई आपल्या नवऱ्याबद्दल म्हणत होती, त्यामुळे खरं बोलूनही तिला ते खरं वाटलं नव्हतं. चुलीपुढे पाठमोरी बसून, पातोडीचा रस्सा ढवळत ती विचारायची, "मीठ बरोबर झालं का?" आणि बाबा भाकर मोडता मोडता म्हणायचे, "उद्या आणतो." आई कपाळाला हात लावून हसायची. मला मात्र हसू यायचं नाही. तोंडातला घास तसाच फिरत राहायचा.

बाबा डेंटर होते. ठोकर लागलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करायचे, सडलेला भाग कापून नवा जोडायचे. नागपूर रस्त्याला आमचं टिनाचं शेड होतं आणि तिथून सकाळी जी ठकठक सुरू व्हायची ती संध्याकाळी दिवेलागणीलाच थांबायची. लोक त्यांना दयाराम मिस्त्री म्हणायचे. हातापेक्षा त्यांचा कान नावाजलेला होता. जुनी गाडी घेणारा माणूस आधी त्यांना दाखवायला आणायचा. बाबा लहानशा हातोडीनं गाडी डोक्यापासून पायापर्यंत ठोकून पाहायचे. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत, पुट्टी भरलेल्या जागेचा बसका, आणि आतून सडलेल्या जागेचा तर आवाजच नाही, नुसती भद. जिथं भद वाजली तिथं ते खडूनं गोल काढायचे. शेवटी गोल मोजून भाव सांगायचे. "पत्रा सडला तं कपडा फाटला, शिवता येते," असं ते म्हणत. "चेसिस सडली तं हाड सडलं. मंग ते गाडी घ्याची नाही." ज्या ठकठकीनं त्यांचं नाव झालं, तिनंच वर्षानुवर्षं त्यांचे कान खाल्ले होते.

मला ते कळलं विहारात. रविवारच्या वंदनेला आम्ही सगळे जायचो. एके रविवारी माझ्या लक्षात आलं, की सगळ्यांची ओळ संपली तरी बाबांचे ओठ हलत आहेत. पुढच्या ओळीला ते पुन्हा मागे. त्यांनी डोळे उघडून समोरच्या माणसाच्या मानेकडे पाहिलं, ती मान खाली झुकलेली पाहून आपलीही झुकवली. मग मी पाहतच गेले. आमच्या घरामागून रेल्वेलाइन जायची. तिगावकडून गाडी आली की पूर्वी बाबा शिटीवरून सांगायचे, मालगाडी आहे की पॅसेंजर. आता ते बोलता बोलता घागरीकडे पाहत. पाणी थरथरलं की म्हणत, "आली गाडी." त्या वेळी मी अकरावीत होते. घरातला कर्ता माणूस असा हळूहळू आपल्यातून निघून चालला आहे आणि आपण कुणालाच सांगू शकत नाही, याची मला इतकी भीती वाटायची की रात्री मी त्यांच्या खाटेपाशी जाऊन हळूच "बाबा" म्हणून पाहायची. ते वळायचे नाहीत.

आमची रीत कधी ठरली, हे मलाही सांगता येणार नाही. शाळा सुटली की मी शेडवर जायची. बाबा ठोकायचे, मी खडू धरून उभी राहायची. एकदा ते सडलेल्या जागेवरून पुढं निघाले, तर मी न राहवून खडू पुढं केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खडू घेऊन निमूट गोल काढला. तेव्हापासून ठोकल्यावर ते माझ्या तोंडाकडे पाहायचे. मी स्वस्थ उभी राहिले तर पत्रा चांगला, खडू पुढं केला तर सडका. गिऱ्हाइकांना वाटायचं पोरगी बापाच्या हाताखाली आहे, गुणाची आहे. खरं म्हणजे लोकांच्या हजारोंच्या गाड्यांचा भाव एका सोळा वर्षांच्या मुलीच्या कानावर ठरत होता. रोज घरी येताना मला वाटायचं, आज एखादी जागा आपण चुकीची ऐकली असणार.

माझा नातू परवा म्हणाला, "आजी, मग कानाचं यंत्र का नाही लावलं त्यांनी?" त्याला कसं सांगू? आज लोक कानात काय काय खुपसून रस्त्यानं फिरतात, कुणी ढुंकून पाहत नाही. तेव्हा यंत्र लावणं म्हणजे चौकात उभं राहून सांगणं होतं, की या मिस्त्रीचा कान गेला. आणि शेडची जागा बन्सीशेठची होती. शेठ जुन्या जीपा, ट्रॅक्टर घ्यायचे आणि दुरुस्त करून विकायचे. बाबांनी पास केल्याशिवाय ते गाडीला हात लावत नसत, आणि घेतलेली प्रत्येक गाडी आमच्याच शेडवर येई. तो कान नाही असं कळलं, तर काम जाणार आणि जागाही जाणार. एवढं मला त्या वयातही समजत होतं.

संत्र्याच्या दिवसांत एका संध्याकाळी शेठ शेडवर आले. "मिस्त्री, कल रामाकोन्याले चालायचं," ते म्हणाले. "एक गाडी हाये. दोन शीटची, बिना टपाची, असली विलायती. मॅंगनीजच्या खाणीतला गोरा साहेब सोडून गेला होता म्हणते. आपल्या पोराची वरात मी त्याच्यातच काढीन. तू घे म्हटलं तं घेतो, नाही म्हटलं तं सोडून देतो. तुया कानावर आपला पूरा भरोसा हाये." बाबा त्यांच्या ओठांकडे पाहत होते. म्हणाले, "हाव शेठ." जीप, ट्रॅक्टर आम्ही शेकड्यानं ठोकले होते. विलायती गाडी बाबांनीही कधी उघडून पाहिली नव्हती.

सकाळी आईनं भाकरी, भरीत आणि लाल मिरचीचा ठेचा बांधून दिला. "पमीले काहून नेता? अभ्यास हाये तिचा," ती म्हणाली. बाबा तिच्याकडेच पाहत होते, म्हणून त्यांना ते समजलं. "खडू धराले," ते म्हणाले. आई म्हणाली, "एवढा मोठा मिस्त्री, खडू नाही धरता येत?" आणि हसली. आम्ही कुणी हसलो नाही.

जीपमध्ये बाबा शेठच्या बाजूला आणि मी मागे. शेठ स्वतः चालवत होते आणि रस्त्याकडे तोंड करून बोलत होते. बाबांना फक्त गाल दिसत असणार. "मिस्त्री, किती साल टिकन रे असा माल?" शेठनी विचारलं. बाबा बाहेर कपाशी पाहत होते. मी मागून घाईनं म्हटलं, "बाबा म्हणत होते, पाहिल्याबिगर नाही सांगता येत." थोड्या वेळानं पुन्हा काही विचारलं, पुन्हा मीच बोलले. शेठ आरशातून माझ्याकडे पाहून म्हणाले, "पोट्टी लय पुढं पुढं करते बे तुई! बापाले बोलू तं दे." मी ओशाळले आणि आता तिसरा प्रश्न येऊ नये म्हणून मनातल्या मनात विनवत राहिले. जामसांवलीला शेठ मारुतीच्या दर्शनाला उतरले. आम्ही जीपपाशीच थांबलो. बाबांनी एक संत्रं सोललं, सगळ्या फोडी माझ्या हातावर ठेवल्या आणि स्वतः नुसतीच साल दाबत बसले.

सौसर मागे टाकून रामाकोन्याला पोहोचलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. गाडीचे मालक भाऊसाहेब, संत्र्याचे मोठे बागाईतदार, पांढरं धोतर, हातात काठी. त्यांनी आम्हाला बागेतल्या कोठ्यात नेलं. कडब्याच्या पेंढ्यांमागे ताडपत्रीखाली गाडी होती. ताडपत्री ओढली आणि धुळीनं सगळे खोकलो. लांबट, बुटकी, खाटेइतकीच उंच. तारांची चाकं. कधीकाळी लाल असावी. आता लाल कुठला आणि गंजाचा तांबडा कुठला, ओळखू येत नव्हतं. मागचं एक चाक काढून ठेवलेलं आणि त्या बाजूला जॅक लावलेला. शीटचं कातडं उंदरांनी खाल्लेलं. नाव सांगणारा बिल्ला कुणीतरी उचकटून नेला होता. "बिल्ला गेला, पण बाकी सुईसुद्धा हलली नाही," भाऊसाहेब म्हणाले. "पूजेतली हाय आमची."

बाबा गाडीभोवती एक फेरी मारून आले. मग आरसी बुक मागून घेतलं आणि इंजिनावरच्या पट्टीचा नंबर त्याच्याशी ताडून पाहिला. जुळला. फुटक्या रेडिओतला चुंबक त्यांच्या खिशात असे, तो मडगाडवर फिरवला. जिथं चिकटला नाही तिथं पुट्टी. दार उघडून खालची पट्टी नखानं टोकरली, तर आतून लाकूड निघालं. या गाडीचा सांगाडाच लाकडाचा होता, वरून पत्रा मढवलेला. उधई लागून ते लाकूड पोखरलेलं होतं, पण एकाच बाजूला. पुढून हँडल घालून त्यांनी इंजिन फिरवून पाहिलं. वाटलं होतं जाम असेल, पण ते अडखळत फिरलं. बाबांनी झाकणावर पालथा हात ठेवला आणि आतली हालचाल हातानंच पाहिली. त्यांचे डोळे चमकायला लागले. मी त्यांना ओळखत होते. त्यांना गाडी आवडली होती. माणसाला एखादी वस्तू आवडली की तो तिचे दोष पाहायला कचरतो, आणि याच गोष्टीचं मला भय वाटायला लागलं.

मग हातोडी निघाली. शेठ आणि भाऊसाहेब बाजेवर चहा घेत बसले होते, दोघांचंही लक्ष आमच्याकडे. ठक. मी स्वस्थ. ठक. स्वस्थ. ठक, भद. मी खडू पुढं केला. नाकापासून शेपटापर्यंत नऊ गोल झाले. माझ्या हाताला इतका घाम सुटला होता की खडूचा लगदा बोटांना लागला. भाऊसाहेब काठी आपटत म्हणाले, "ह्या पोरीले कसं समजते मिस्त्री, केव्हा खडू द्यायचा ते?" बाबांची पाठ त्यांच्याकडे होती. मी म्हटलं, "सवय झाली जी." पण शेठ खुशीत होते. "नऊच ना? नऊ तं काहीच नाही. पत्राच हाये. बोल मिस्त्री, घेऊ?"

बाबा वळले, ओठ पाहिले आणि म्हणाले, "हाड राह्यलं शेठ." चेसिस पाहायची राहिली होती. तिला खालून ताजा काळा रंग मारलेला होता, आणि बाबांना ताज्या रंगाचा फार राग. खांद्यावरचा दुपट्टा जमिनीवर पसरून ते जॅकच्या बाजूनं उताणे आत सरकले. डोकं, छाती, कंबर आत गेली. बाहेर नुसते पाय राहिले. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाडीखाली गेल्यावर बाबांना माझं तोंड दिसत नाही. इतक्या दिवसांत ही साधी गोष्ट आम्हा दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती. जीप, ट्रॅक्टर उंच. त्यांच्याखाली मी वाकून दिसत असे. ही गाडी जमिनीला टेकलेली होती.

आतून हातोडी वाजली. ठक. ठक. भद. मी गुडघ्यावर बसून खडू आत सरकवला. बाबांनी पाहिलाच नाही, ते पुढं ठोकत गेले. भद. भद. सगळं हाड सडलेलं होतं, वर नुसता रंगाचा पापुद्रा. आणि मग मला दुसराच एक आवाज आला. पापड हातात दाबल्यावर मोडायच्या आधी होतो तसा, अगदी बारीक. तो बाबांच्या हातोडीचा नव्हता. मी जॅककडे पाहिलं. जॅकचं डोकं काळ्या रंगात रुतत चाललं होतं. बाबांच्या प्रत्येक ठोक्यासरशी आणखी थोडं.

"बाबा, निंघा!" मी ओरडले. ठक. "बाबा, निंघा बाहेर! बाबा!" ठक. शेठच्या हातातली बशी खाली पडली. तेही ओरडले, "अबे मिस्त्री, निंघ! गाडी बसून राहिली!" ठक, ठक. एवढ्याशा कोठ्यात भाऊसाहेबांसकट आम्ही तिघं घसा फोडून ओरडत होतो आणि गाडीखाली माझे बाबा शांतपणे, एका लयीत ठोकत होते. मी त्यांचा पाय धरून हलवला. ठोकणं थांबलं. आणि गाडीखालून, कमरेच्या बाजूनं, त्यांचा हात बाहेर आला. तळवा वर, बोटं पसरलेली. ते खडू मागत होते.

आयुष्यात पुढं मी बरंच काही पाहिलं. दोन बाळंतपणं, आईचं जाणं, नवऱ्याचं ऑपरेशन. पण भीती म्हटली की मला तो काळपट तळवाच दिसतो. मी खडू फेकला आणि दोन्ही हातांनी तो हात मनगटाशी धरून मागे झुकले. टाचा मातीत रोवल्या. शेठनी पाय ओढले. त्या ओढीत बाबांना काय ते कळलं असावं, कारण त्यांनी स्वतःच पाठीनं रेटा दिला. कंबर निघाली, छाती निघाली, डोकं सगळ्यांत शेवटी निघालं. जॅक आरपार घुसला आणि गाडी धप्पकन खाली बसली. दुपट्टा खालीच राहिला. बाबांच्या कपाळावर एक लहानसं खरचटलं होतं, तेवढंच.

मग शेठ बोलले. "पोरगी इतकी बोंबलून राहिली होती, मी बोंबलून राहिलो होतो, तुले ऐकू नाही आलं काय बे?" ते धापा टाकत होते, वाक्य तुटक येत होतं. बाबांना ते ओठ वाचता आले नाहीत. त्यांनी नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाहिलं. या प्रश्नाला आमच्यात खूण नव्हती. हातोडीचा आवाज होता, आत घुमत होतं, असं काहीही सांगता आलं असतं. खोटं बोलायचा मला चांगला सराव झाला होता. पण मला तेव्हा ना शेड दिसत होतं ना बाबांचं नाव. मला नुसते बाबा हवे होते. पुन्हा कधी त्यांनी कुठल्याही गाडीखाली जाऊ नये, एवढंच हवं होतं. "बाबाले ऐकू येत नाही," मी म्हटलं आणि रडायला लागले. "केव्हापासूनच येत नाही."

शेठ म्हणाले, "मंग माह्या गाड्या कोणं पाहिल्या इतके दिवस?" बाबांना आता सगळं कळलं होतं, माझ्या रडण्यावरून. ते उठले, कपडे झटकले आणि आजवर कुणालाच न सांगितलेलं लोकांसमोर बोलले, "मी ठोकतो शेठ, ऐकते हे पोरगी." मग म्हणाले, "गाडी घेऊ नका. हाड सडलं." शेठनी गाडी घेतली नाही. भाऊसाहेबांशी दोन शब्द जोरात बोलले, जीपमध्ये बसले आणि आम्हाला तिथंच सोडून निघून गेले.

पुढं काय झालं ते सांगूनच टाकते. दोन दिवसांत साऱ्या पांढुर्ण्यात बोभाटा झाला. महिनाभरानं शेठनी जागा सोडायला सांगितली. बाबांनी घराच्या अंगणात ठोकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक निम्मं झालं, पण तुटलं नाही. आई चार दिवस कुणाशी बोलली नाही. मग एका सकाळी चहा घेऊन ती बाबांच्या समोर येऊन बसली, थेट तोंडासमोर, आणि सावकाश म्हणाली, "साखर बरोबर हाये काय?" तेव्हापासून ती त्यांच्याशी कधी पाठमोरी बोलली नाही.

पण त्या दिवशी यातलं काहीच माहीत नव्हतं. रामाकोन्याहून मिळेल त्या गाडीनं सौसरला आलो आणि स्टँडवर पांढुर्ण्याची बस धरली. भाकरीचं गाठोडं तसंच मांडीवर होतं. बाबा खिडकीशी, मी बाजूला. आपण बापाला लोकांत उघडं पाडलं, आता ते जन्मभर आपल्याशी बोलणार नाहीत, असं मला वाटत होतं आणि मी त्यांच्याकडे पाहतच नव्हते. बस सुटल्यावर त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. माझे बाबा भ्यालेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

"किती हाका मारल्या होत्या तू?" त्यांनी विचारलं.

मी एक बोट वर केलं.

ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिले, पत्रा ठोकून झाल्यावर पाहायचे तसे. मग त्यांनी माझं दुसरं बोट उघडलं आणि पुन्हा पाहिलं. तिसरं उघडलं. चौथं. मी चेहरा घट्ट धरून ठेवायचा खूप प्रयत्न केला. अंगठाही उघडून झाला, तरी हाच आकडा खरा, असं त्यांना माझ्या तोंडावर दिसलं नाही. तेव्हा त्यांनी माझा दुसरा हात आपल्या मांडीवर घेतला.